अब्बांच्या मशीनचा वास

रेल्वेचे फाटक उघडले, पुढच्या गाड्या निघाल्या. पण अब्बांची स्कूटर जागची हलली नाही. मागे दप्तर घेऊन बसलेल्या आमच्या धाकट्याने हलवले तेव्हा ते दचकून जागे झाले. उभ्या स्कूटरवर त्यांना डुलकी लागली होती! संध्याकाळी मुलाने हे सांगितले आणि आमच्या हातापायातले बळच गेले.

अब्बा म्हणजे आमचे सासरे. त्यांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, श्वास थांबतो, मग शरीर दचकून पुन्हा श्वास घेते. रात्रभर हेच चालते आणि दिवसा डोळे मिटू लागतात. डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिले. त्याच्या मास्कमधून दाबाने हवा येते आणि वाट उघडी राहते. दोन महिने सारे ठीक चालले होते. मग दुपारच्या डुलक्या पुन्हा का सुरू झाल्या?

विचारले तर म्हणाले, “बहू, उसमें से बास आती. चार रात से लगाया नहीं.”

आधीही ते एकदा बोलले होते. आम्ही बहाणा समजून हसण्यावारी नेले. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा पाण्यात गुलाबपाण्याचे चार थेंब टाकले. त्या रात्री ते खोकत राहिले. आता मात्र पाण्याची टाकी काढून नाकाशी धरली. न घासलेल्या माठाच्या तळाला येतो, तसा वास! बोट फिरवले तर बुळबुळीत. कडेला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. चूक आमचीच होती. रोज शिळ्या पाण्यात नवे पाणी ओतत होतो.

मशीनमधली हवा कोरडी लागू नये म्हणून ही टाकी असते. तिचे पाणी कोमट होते. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. कोमट, साचलेले पाणी म्हणजे जंतूंना आयते घर. वास त्यांचाच असतो. तो अत्तराने झाकला तर जंतू तिथेच राहतात, वर अत्तर रात्रभर फुप्फुसात जाते. म्हणून पाण्यात गुलाबपाणी, अत्तर, व्हिक्स, डेटॉल, काहीही टाकू नये.

आता आमच्या घरी असे चालते. सकाळी मशीनचा प्लग काढायचा, टाकी गार होऊ द्यायची आणि उरलेले पाणी फेकायचे. भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचे एक-दोन थेंब कोमट पाण्यात घालून टाकी धुवायची, साबण पूर्ण जाईपर्यंत खंगाळायची आणि उघडी ठेवून सावलीत वाळवायची. आपल्याला उन्हाची सवय; पण कडक उन्हाने प्लास्टिक खराब होते. आठवड्यातून एकदा एक भाग पांढरा सिरका आणि दहा भाग पाणी टाकीत दहा मिनिटे ठेवायचे, मग खूप पाण्याने धुवायची. सिरक्याने क्षार सुटतात. प्रमाण आपल्या मशीनच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. ब्लीच वापरू नये.

पाणी डिस्टिल्ड हवे. ते मेडिकलच्या दुकानात मागावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी नको. ते श्वासासाठी बनवलेले नसते. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत, हे आम्ही वर्गात शिकवतो आणि घरी विसरलो!

टाकी धुऊनही वास राहिला तर मास्क हुंगून पाहा. चेहऱ्याचे तेल त्याला चिकटते, म्हणून तो रोज पुसावा. नळी आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुऊन टांगून वाळवावी. मग फिल्टर पाहावा. मशीन खोलीतलीच हवा ओढते. फोडणीचा धूर, लोबान, अगरबत्ती, सारे फिल्टरवर बसते. आमचा फिल्टर काळपट निघाला, तो बदलला. टाकीला तडा गेला किंवा वास जातच नसेल तर टाकीही बदलावी. जळका वास आला किंवा नळीत काळे कण दिसले तर घरी प्रयोग न करता विक्रेत्याला आणि डॉक्टरांना कळवावे.

ओझोन वायूने मशीन साफ करणारी उपकरणेही विकली जातात. अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले की अशा उपकरणांना तेव्हा तिची मान्यता नव्हती आणि ओझोनने श्वासाचा त्रास होऊ शकतो. आपला साबण आणि कोमट पाणीच बरे.

भगिनींनो, घरातले वडीलधारे तक्रार करतात तेव्हा आपण ती वयावर ढकलतो. अब्बांना आम्ही तिसऱ्यांदा विचारले नसते तर पुढचे काय झाले असते, ते मनात आणवत नाही. आता टाकी धुण्याचे काम धाकट्याने मागून घेतले आहे. झोपण्याआधी तो ताजे पाणी भरतो आणि टाकी अब्बांच्या नाकाशी नेतो. अब्बा हुंगतात, मान हलवतात आणि मास्क लावतात. स्कूटर मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत आम्ही कुलपात ठेवली आहे. दोघेही शाळेपर्यंत पायी जातात.