कोंबडीच्या परळातले पाणी

जिल्हा मेळाव्याच्या अंकात कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, वीजबिल आणि पीकविमा हे विषय असतातच. या वेळी अग्रलेखाची जागा आम्ही परसातल्या कोंबड्यांच्या दाण्यापाण्याच्या भांड्यांना देत आहोत. काही कार्यकर्ते हसतील. त्यांनी आपल्याच घरी विचारून पाहावे, की गेल्या वर्षी पोरांच्या वह्या, दवाखान्याची चिठ्ठी आणि आठवडी बाजाराचे तेलमीठ कोणत्या पैशातून आले. कापसाचा चुकारा येण्याआधीच कृषी केंद्र आणि सोसायटी यांच्या नावाने वाटला गेलेला असतो. आखाडात कोंबडा विकला की पैसा तिथल्या तिथे हातात पडतो, आणि बहुतेक घरी तो हात बाईचा असतो.

ही मिळकत किरकोळ नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात भरली. २०१२ च्या मानाने ही वाढ सुमारे ४६ टक्के होती. तरी कोंबडीपालनाचे सल्ले निघतात ते पाच हजार पक्ष्यांच्या शेडसाठी. दहा कोंबड्यांच्या धनिणीचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आपणच मांडू या.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली तर आठ-दहा पिले निघतात. यातली बाजारापर्यंत किती पोचतात? घारीने उचलली, मुंगसाने नेली, ती दिसतात. पण पिसे फुलवून, मान टाकून कोपऱ्यात मेलेल्या पिलांची घरात एकच नोंद असते: 'रोग आला.' रोग आला हे खरेच. पण पुष्कळदा तो आपण भरून ठेवलेल्या भांड्यातूनच आला.

कसा, ते पाहा. फुटके घमेले किंवा कापलेले टायर जमिनीवर ठेवलेले असते. कोंबडी त्यात पाय घालते, काठावर बसून शिटते, चोचीतला दाणा पाण्यात सोडते. वरून आणखी पाणी ओतले की काम झाले असे आपण समजतो. दोन दिवसांनी आत बोट फिरवून बघावे. बुळबुळीत थर लागला, तर त्या थरात जंतूंची वस्ती झाली आहे आणि वरून ओतलेले ताजे पाणीही लगेच बिघडते. एका आजारी कोंबडीची शीट त्यात पडली की त्या भांड्यावर पाणी पिणारा सारा कळप धोक्यात येतो.

पिलांची रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, हे याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण. तिचे सूक्ष्म जीव शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. त्यांना पिकायला ओल आणि ऊब लागते, आणि ती मिळाली की एक-दोन दिवसांत ते बाधायला तयार होतात. पावसाळ्यात पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल ही ओल आयती पुरवतो. तिथेच आपण कण्या फेकतो आणि पिले त्या चिखलातून वेचून खातात. या जिवांवर ब्लीचिंगचाही फारसा परिणाम होत नाही. त्यांना मारते ते उकळते पाणी आणि कडक कोरडेपणा. कोरडवाहू शेतकऱ्याकडे ऊन फुकट आहे. ते इथे वापरायचे आहे.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. अंड्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. मोठी कोंबडी एरवी दिवसाला पावशेर लिटरपर्यंत पाणी पिते, विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात त्याच्या दुप्पट पिते. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंग निववते आणि त्यात पाणी खर्च होते. भर उन्हात ठेवलेल्या लोखंडी घमेल्यातले कढत पाणी ती पीत नाही. पाणी तुटले की दाणा तुटतो आणि दाणा तुटला की अंडी थांबतात.

उपाय साधे आहेत.

एक, मातीचे पसरट परळ जोडीने घ्यावेत. एक वापरात, दुसरे घासून उन्हात पालथे. राख आणि काथ्या पुरतो, तांब्याभर पाण्यात काम होते. रोज सकाळी अदलाबदल करावी. आठवड्यातून एकदा दोन्हींवर उकळते पाणी ओतावे.

दोन, भांडे विटांवर ठेवावे. त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यावा, म्हणजे पाय आणि शीट आत जात नाही. पिलांसाठी वेगळे, उथळ भांडे हवे. त्यात चार खडे टाकावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत.

तीन, जागा सावलीची हवी आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलावी. ओली जागा उकरून वाळू द्यावी.

चार, जमल्यास पालथ्या मडक्याचे भांडे करावे. छोट्या मडक्याच्या काठापासून बोटभर अंतरावर भोक पाडायचे, मडके भरायचे, वर ताटली धरून पालथे करायचे. ताटलीचा काठ भोकापेक्षा उंच हवा. पिऊन होईल तेवढेच पाणी खाली उतरते.

पाच, दाणा जमिनीवर फेकू नये. अर्ध्या तासात संपेल तेवढाच द्यावा, उरलेला उचलावा. रात्री उरलेला दाणा उंदीर बोलावतो आणि उंदीर रोग आणतो.

दाण्याबद्दल ज्वारीवाल्यांना आणि कापूसवाल्यांना खास सांगायचे आहे. कणसात दाणा भरताना पाऊस लागून काळी पडलेली ज्वारी व्यापारी नाकारतो, म्हणून ती कोंबड्यांपुढे टाकली जाते. थोडी काळवंडलेली ज्वारी चांगली वाळवून मोठ्या कोंबडीला चालेल. पण गोळे झालेला, कुबट वासाचा दाणा कोणालाच घालू नये. बुरशीचे विष उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही, ते कोंबडीच्या काळजात साठून तिला आतून खाते. भुईमुगाची बुरशी लागलेली ढेप तर याहून वाईट. सरकीची ढेप जनावरांची, कोंबडीची नव्हे: तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट होतो. पेरणीतून उरलेले औषध लावलेले बियाणे परसात सांडू देऊ नये. आणि कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याचे भांडे होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. जे विष माणसाला सोडत नाही ते कोंबडीला कसे सोडेल?

स्वच्छ परळाने सगळे रोग टळतात असे आम्ही म्हणत नाही. राणीखेतला, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, लसच लागते. इथे अडचण सरकारने नीट समजून घेतलेली नाही. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि धनिणीकडे कोंबड्या दहा. कुपी फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून गावाने दिवस ठरवून, दहा-पंधरा घरांनी मिळून लस घ्यावी. पाण्यातून द्यायच्या लसीच्या दिवशी भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे असावे आणि साबण-ब्लीचिंगचा अंशही त्यात राहू नये, नाहीतर लसीतला जिवंत विषाणू मरतो आणि लस फुकट जाते.

उघड्यावरचे पाणी कावळे-बगळ्यांसाठी ठेवायचे नाही, याचेही कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. असे झाले की ठरावीक परिघातल्या साऱ्या कोंबड्या मारल्या जातात. त्यात परसातल्याही जातात. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर न फेकता, न विकता पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

शेवटी एक रोखठोक गोष्ट. पाण्यासाठी मैलभर जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकण्यासाठी हे लिहिलेले नाही. परळ घासायला पाच मिनिटे लागतात. सकाळी पारावर बसणाऱ्या गड्याने ती द्यावीत. आणि आखाडात येणारा पैसा ज्या हाताचा आहे त्याच हातात राहू द्यावा.

मेळाव्यापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. प्रत्येक शाखेने आपल्या गावात निघालेली पिले आणि विकलेल्या कोंबड्या यांची नोंद वर्षभर ठेवावी. लसीच्या लहान कुप्या आणि तालुका दवाखान्यात चालू असलेला फ्रीज, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. आणि घरी पोचल्यावर प्रत्येकाने आधी परसातले भांडे उलटे करून तळाला बोट लावून पाहावे. पुढच्या मेळाव्यात भावाच्या प्रश्नाबरोबर या आकड्यांचाही हिशेब घेऊ.