बहिणींचे आरोग्य आणि वेळेचा हिशेब

भाऊबीजेला माहेरी जमलेल्या बहिणी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या जे बोलतात, ते डॉक्टरांपुढे त्यांच्या तोंडून क्वचितच निघते. एकीचा थकवा, दुसरीचे गुडघे. मग तिसरी सांगते, पहाटे चालू लागले आणि जिवाला उभारी आली. अनुभव मोलाचा खरा; पण तो आचरणात आणावयास वेळ लागतो, आणि नेमका तोच दुर्मिळ! २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा बहिणीस ‘स्वतःकडे लक्ष दे’ एवढेच सांगणे म्हणजे रिकाम्या खिशाला काटकसर शिकविणे होय. तिच्या पहाटेच्या अर्ध्या तासात डबे कोणी भरावयाचे, हे ठरविण्यासाठी भावोजींनाही त्या गप्पांत बसवावे.