वाडा उक्ता विकू नका, गावाची शाळा तर नाहीच नाही

स्पष्ट लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आपल्या भागातले जुने वाडे कसे गेले ते सगळ्यांनी बघितलंय. एक माणूस येतो, ओसरीत उभा राहून वर बघतो, खांबाला नखाने टोकरतो, तोंड वाकडं करतो. म्हणतो, "सगळी कीड लागलीय हो. पण तुमची अडचण दिसतीय म्हणून उक्तं घेतो. पाडायचा खर्च आमचा, जागा साफ करून देतो." चार भावांत आधीच बोलणं नसतं. सगळ्यांना वाटतं, चला, ब्याद गेली. दोन दिवसांत टेम्पो भरतो आणि रिकामी जागा उरते.

माझा प्रश्न साधा आहे. कीड लागलेलं लाकूड न्यायला हा माणूस एवढ्या लांबून टेम्पो घेऊन का येतो?

आपण शेतकरी माणसं. ऊस काट्यावर घालतो, काट्यात फरक वाटला तर कारखान्यावर जाऊन भांडतो. घोडेगावला कांदा नेला की लिलावात बोली लागेपर्यंत तिथून हलत नाही. आणि पणजोबांनी सागवानात बांधलेला वाडा मात्र नुसता नजरेनं विकतो. ना माप, ना यादी, ना दुसऱ्या व्यापाऱ्याचा भाव. याला सौदा म्हणत नाहीत मंडळी, याला लूट म्हणतात, आणि दार आतून आपणच उघडून देतो.

माप काढायला इंजिनिअर लागत नाही. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. येतं ते घनफूट. आठ बाय आठ इंचाचा नऊ फुटी खांब म्हणजे बरोबर ४ घनफूट. असे सोळा खांब म्हणजे ६४ घनफूट. दहा बाय आठची नऊ फुटी तुळई म्हणजे ५ घनफूट. मग वखारीत जाऊन आजचा सागाचा भाव विचारा. कीड, खाचा, खिळे यांची वजावट करा, अगदी सढळ हाताने करा. तरी जो आकडा येईल तो उक्त्या रकमेशेजारी लिहून बघा. आणि हे फक्त खांब आणि तुळया. कडीपाटाच्या फळ्या, तळखडे, जोत्याचे घडीव चिरे, पितळी कड्या, कोयंडे यातलं काहीच अजून मोजलेलं नाही.

शिवाय सगळंच घनफुटावर विकायचं नसतं. साध्या तुळईची किंमत लाकडाची, पण नक्षीच्या हस्ताची, गणेशपट्टीच्या चौकटीची, दिंडी दरवाजाची किंमत कारागिरीची. ती नगावर ठरते. व्यापारी हे पक्कं जाणतो. म्हणून तो तुमच्यासमोर फळ्यांवरून घासाघीस करतो आणि दरवाजाकडे बघतसुद्धा नाही. त्याला दरवाजाच हवा असतो.

पुढं काय होतं? दरवाजावर काच टाकून कुणाच्या फार्महाऊसमध्ये टेबल होतं. हस्त हॉटेलाच्या भिंतीवर लागतात. खांब जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारात उभे राहतात. तिथं भाव विचारून या एकदा. परत येताना जेवण गोड लागणार नाही.

ही गोष्ट नवीन नाही. गुजरातेत पाटणला वाडी पार्श्वनाथाचं सोळाव्या शतकातलं लाकडी कोरीव मंदिर होतं. त्याचा घुमट आणि सज्जे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत, १९१६ पासून. जगभरचे लोक तिकीट काढून बघतात. उलट पुण्यात बघा. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी उचलून आणले आणि आपल्या संग्रहालयात परत उभे केले. तो महाल आज आपली पोरं शाळेच्या सहलीत बघू शकतात. लाकूड दोन्हीकडं जुनंच, फरक पडला तो त्याची किंमत वेळेवर कुणाला कळली याचा.

आता कायदा. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही त्याच्या व्याख्येत येते. अशा मालाचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमच्या ओसरीत उभ्या असलेल्या माणसाला परवाना मागून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि घरातला कायदा वेगळाच. जमिनीच्या हक्कसोडीला बहिणीला गाडी पाठवून सहीला आणतात. वाड्याचं लाकूड विकताना तिला फोनसुद्धा नाही. वाडा एकट्या थोरल्याचा होता का? तिचं माहेर टेम्पोत भरून गेलं, ते तिला दिवाळीला आल्यावर कळतं.

इथपर्यंत खासगी झालं. खरा संताप पुढचा आहे. गावातल्या जुन्या शाळा, चावड्या, धर्मशाळा यांच्यातही सागवान आहे, घडीव दगड आहे, आणि ते कुणाच्या बापाचं नाही, गावाचं आहे. इमारत धोकादायक असेल तर पाडलीच पाहिजे, यात वाद नाही. २८ ऑगस्ट २०१७ ला नगर तालुक्यात निंबोडीच्या शाळेचं छत कोसळून तीन लेकरं गेली. ते आपल्या जिल्ह्याने विसरू नये. धोकादायक वर्गात पोरं बसवणारा गुन्हेगारच. पण निर्लेखनाचा कागद म्हणजे माल फुकट वाटायचा परवाना नव्हे. मूल्यांकन झालं पाहिजे, जाहीर लिलाव झाला पाहिजे. रद्दीच्या भावात 'जुने लाकूड, एकूण' अशी एका ओळीची नोंद करून कुणाच्या तरी शेडवर शाळेच्या तुळया चढत असतील, तर ती चोरी आहे. शिक्का मारल्यानं ती चोरी राहत नाही असं होत नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत. सार्वजनिक इमारत पाडण्याआधी प्रत्येक नगाचा फोटो, माप आणि यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. नक्षीचे नग वेगळे काढून त्यांची बोली वेगळी व्हावी. जेसीबी घालायचा नाही. आधी धाब्याची माती उतरवायची, मग फळ्या, मग तुळया, शेवटी खांब. जुने सांधे खिळ्यावर नाहीत, लाकडात लाकूड अडकवलेलं आहे. जाणता सुतार लावला तर अख्खा सांगाडा सुटा होतो आणि परत उभा राहतो. आणि एक चौकट, एक दरवाजा तरी गावातच राहावा. नवीन शाळेला लावा, वाचनालयाला लावा.

"वाडा पडतोय, बारा वारस, पैसा कुणाकडं, तू देणार का?" असं विचारणारे येतील. बरोबर आहे त्यांचं. मी विकू नका म्हणतच नाहीये. ज्याला सांभाळणं झेपत नाही त्याने जरूर विकावं. मोजून, तीन ठिकाणी भाव विचारून, सगळ्या वारसांसमोर विकावं. अडचण आहे म्हणून कांदा कुणी डोळे झाकून देतं का?

जिल्ह्याला आपण अहिल्यादेवींचं नाव दिलं, मिरवणुका काढल्या. त्या माउलीने देशभर घाट आणि देवळं बांधली. आपण निदान असलेलं मोजायला तरी शिकूया. शेजारी शिंगणापूरला घरांना दारं नाहीत, ती श्रद्धा आहे. आपल्या गावात दारं नसतील तर ती फक्त अक्कल गेल्याची खूण असेल.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींच्या मालाचं काय झालं याची यादी मागणार आहे. नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. ज्यांना पटतंय त्यांनी नुसता अंगठा दाखवू नका, सभेला या.