ई२० पेट्रोल: बचत देशाची, कमाई कारखान्याची, मग बिल कोणाचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर एकाच तक्रारीचा पूर आला. गाडीचं मायलेज पडलंय आणि त्याला पेट्रोलमधलं इथेनॉल जबाबदार आहे, असं लोक म्हणत होते. जुन्या गाड्यांचे मालक रील्स करत होते, मेकॅनिक इंजिन उघडून दाखवत होते. पेट्रोलियम मंत्रालयाला दोनदा सविस्तर खुलासा करावा लागला. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तर ही आपल्याविरोधात पैसे देऊन चालवलेली मोहीम असल्याचा आरोप केला. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली.

न्यायालयातला विषय संपला, पण पंपावरचा संपला नाही. ई२० चांगलं की वाईट, या वादात दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत. अडचण अशी आहे की फायदा एका खिशात जातो आणि खर्च दुसऱ्या खिशातून होतो.

ई२० म्हणजे नेमकं काय?

८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. इथेनॉल म्हणजे एक प्रकारचा अल्कोहोल. भारतात तो उसाचा रस, साखर कारखान्यातली मळी, मका आणि तांदूळ यांपासून तयार होतो. पिकांपासून बनतो म्हणून त्याला जैवइंधन म्हणतात.

या प्रयोगाची सुरुवात महाराष्ट्राशी जोडलेली आहे. २००१ मध्ये देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पथदर्शी प्रकल्प झाले, त्यात मिरज आणि मनमाड होतं. तिसरा प्रकल्प उत्तर प्रदेशात बरेली भागात होता. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, पण पुढची दहा वर्षं योजना रखडत चालली. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण होतं जेमतेम दीड टक्का.

त्यानंतर वेग वाढला. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २० टक्क्यांचं मूळ उद्दिष्ट २०३० साठी होतं, ते २०२५-२६ वर आणलं गेलं आणि २०२५ मध्येच पूर्ण झालं. पाच वर्षं आधी पोहोचल्याचं सरकारने अभिमानाने सांगितलं. पण रस्त्यावरच्या गाड्या त्या वेगाने बदलल्या नव्हत्या.

मायलेज खरंच कमी होतं का?

हो. किती, यावर वाद आहे.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागची ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते. दुसरीकडे इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो. ई२० साठीच बनवलेलं इंजिन त्याचा फायदा घेऊन यातली बरीच तूट भरून काढतं. जुन्या इंजिनाला ते जमत नाही.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हेच आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के, तर तशा दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल, असा त्यात अंदाज होता. ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींची घट १ ते २ टक्के धरली होती. म्हणजे मायलेज घटणार हे सरकारी कागदावर आधीपासून होतं. ३० ते ४० टक्के मायलेज गेल्याचे दावे मात्र या गणितात बसत नाहीत. तेवढी घट दिसत असेल, तर गाडीत दुसरा काही बिघाड आहे का, ते तपासायला हवं.

खिशावर याचा किती भार पडतो? लिटरला ५० किलोमीटर देणारी दुचाकी महिन्याला १,००० किलोमीटर धावते आणि मायलेज ४ टक्के घटतं, असं धरू. पेट्रोल १०० रुपये लिटर मानलं, तर महिन्याला साधारण ८३ रुपये जास्त लागतील. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या कारचं मायलेज ५ टक्के घटलं, तर तेवढ्याच अंतराला ३५० रुपये. कोणाचं दिवाळं निघेल अशी ही रक्कम नाही. पण दिवसभर दुचाकीवर फिरून डिलिव्हरी करणाऱ्याचं अंतर याच्या कितीतरी पट असतं, आणि मिळणाऱ्या पैशांतून पेट्रोल तोच भरतो.

इंजिन खराब होतं का?

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग ई२० सहन करतील असे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासूनची इंजिनं ई२० साठी जुळवलेली आहेत. प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि काही जुन्या प्रकारचे रबरी पाइप, सील आणि गॅस्केट त्याने लवकर खराब होऊ शकतात. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागू शकतात, हे मंत्रालयानेही मान्य केलं आहे. हे काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं, असं मंत्रालयाचं म्हणणं आहे. खर्च अर्थातच गाडीमालकाचा.

मग पेट्रोल स्वस्त का झालं नाही?

लोकांच्या रागाचं खरं कारण इथे आहे. ऊर्जा कमी मिळते, तर दरही कमी हवा. नीती आयोगाच्या अहवालातही मिश्रित पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळावं असं सुचवलं होतं. तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं.

नंतर चित्र उलटलं. मक्यापासूनच्या इथेनॉलचा खरेदी दर २०२१-२२ मध्ये लिटरला ५२.९२ रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये ७१.८६ रुपये झाला. सर्वांत स्वस्त असलेल्या सी-हेवी मळीच्या इथेनॉलचा दर ४६.६६ वरून ५७.९७ रुपयांवर गेला. वाहतूक आणि जीएसटी धरून तेल कंपन्यांना इथेनॉल सरासरी ७१.३२ रुपये लिटरने पडतं आणि हा भाव शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या उत्पादन खर्चापेक्षा जास्त आहे, असं मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

थोडक्यात, स्वस्त म्हणून आणलेलं इंधन महाग झालं. तरीही ते चालू ठेवण्याची कारणं वेगळी आहेत.

देशाला काय मिळतं?

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत इथेनॉलमुळे १.४४ लाख कोटी रुपयांहून जास्त परकीय चलन वाचलं आणि सुमारे २४५ लाख टन कच्च्या तेलाची आयात टळली. आखातात युद्धाचे ढग जमले की तेलाचे भाव कसे उडतात, हे लक्षात घेतलं तर ही बचत छोटी नाही.

पर्यावरणाचा हिशोबही सरकार मांडतं. नीती आयोगाच्या अभ्यासानुसार पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलचं हरितगृह वायू उत्सर्जन ६५ टक्के आणि मक्याच्या इथेनॉलचं ५० टक्के कमी आहे. पीक वाढताना हवेतला कार्बन शोषतं, हे त्यामागचं कारण. पण खत, पंपाची वीज आणि डिस्टिलरीतलं इंधन किती लागलं, यावर हा फायदा कमी-जास्त होतो.

ऊस उत्पादकाला काय मिळालं?

कायद्याप्रमाणे ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची रक्कम शेतकऱ्याला द्यावी लागते. कारखान्याची साखर मात्र वर्षभर विकली जाते. मधल्या काळात कर्ज काढायचं नाहीतर बिलं थकवायची, हे महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांचं जुनं दुखणं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत मिळतात. त्यामुळे कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या.

मग ७ डिसेंबर २०२३ ला, गाळप हंगाम सुरू असतानाच, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला बंदी घातली. पाऊस कमी झाला होता आणि साखर महागण्याची भीती होती. आठवड्याभरात बंदी थोडी सैल झाली. पुढच्या वर्षासाठी ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. पण हप्ते कोणी थांबवले नव्हते.

तोवर डिस्टिलऱ्यांचा ओढा धान्याकडे वळला होता. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी दिलेल्या साधारण १,०५० कोटी लिटरच्या मागणीत उसाचा वाटा जेमतेम २८ टक्के आहे. बाकी सगळं मका आणि तांदळाचं.

मका गाडीत, सोयाबीन अडचणीत

मक्याला मागणी आली, भाव वाढले आणि मका उत्पादकांच्या हातात चार पैसे जास्त आले. पण मका हेच कोंबड्यांचं मुख्य खाद्य आहे. पोल्ट्री व्यावसायिकांचा खर्च वाढला. मका निर्यात करणाऱ्या भारताला २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणावा लागला. तेल आयात कमी करायला निघालो आणि मका आयात करू लागलो, अशी टीका झाली ती यामुळेच.

दुसरा परिणाम फारसा चर्चेत नसतो. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात भरपूर प्रथिनं असतात आणि तो पशुखाद्यात स्वस्तात मिळतो. ही जागा आधी सोयापेंडीची होती. सोयाबीनमधून तेल जेमतेम १८ टक्के निघतं, बाकी बहुतेक पेंडच, म्हणून पेंडीचा भाव पडला की सोयाबीनचाही पडतो. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण लातूरसह राज्यातल्या बाजारांत भाव बराच काळ त्याखाली राहिला. जागतिक मंदी आणि खाद्यतेलाची आयात ही कारणं होतीच, त्यात डीडीजीएसची भर पडली.

म्हणजे मराठवाड्यातला सोयाबीन उत्पादक जेव्हा बाइकमध्ये पेट्रोल भरतो, तेव्हा मायलेज आणि पिकाचा भाव, दोन्हीकडून त्यालाच झळ बसते.

पाण्याचं काय?

साखरेच्या हिशोबाने उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाचाच अहवाल सांगतो. यातलं बहुतेक पाणी शेतात जातं. महाराष्ट्रात लागवडीच्या ४ टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो, याकडे कृषी मूल्य आयोगाने लक्ष वेधलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्या राज्यात इंधनासाठी किती ऊस लावायचा, हा प्रश्न टाळता येणार नाही.

ब्राझीलने काय वेगळं केलं?

इथेनॉलचं उदाहरण म्हणून ब्राझीलचं नाव नेहमी येतं. तिथे ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे. पण हा प्रवास १९७५ मध्ये सुरू झाला आणि २००३ पासून तिथे फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या. या गाड्या मिश्रित पेट्रोलवरही चालतात आणि निव्वळ इथेनॉलवरही. पंपावर दोन्ही मिळतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल भरायचं, हा हिशोब तिथल्या सामान्य गाडीवाल्याला पाठ असतो. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून त्याला दरही कमी, हे तिथे ग्राहक स्वतः पाहून ठरवतो. शिवाय तिथला बहुतांश ऊस पावसावर येतो.

भारताने ब्राझीलकडून टक्केवारी घेतली, पण पर्याय घेतला नाही.

मग जैवइंधन नकोच का?

असा निष्कर्ष निघत नाही. चोथा, काडीकचरा आणि शेतातला पेंढा यांपासूनचं इथेनॉल पाणी आणि अन्न दोन्ही वाचवू शकतं. हरियाणात पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. असे प्रकल्प महागडे आहेत आणि मोजकेच आहेत. सी-हेवी मळीचं इथेनॉलही साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीपासूनच बनतं.

पण २० च्या पुढे जायचं असेल, तर आधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पंपावर मिश्रणाचं प्रमाण ठळक लिहिलेलं असावं. घटलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात दर कमी असावा, किंवा जुन्या गाड्यांसाठी ई१० मिळावं. आणि कोणत्या पिकापासून किती इथेनॉल घ्यायचं, हे त्या भागातलं पाणी बघून ठरावं. परकीय चलनाची बचत सगळ्या देशाची असेल, तर तिचा खर्च फक्त जुनी दुचाकी चालवणाऱ्याने आणि सोयाबीन पिकवणाऱ्याने का उचलायचा?

तोपर्यंत गाडीमालकाने काय करावं?

गाडी कधीची आहे ते पाहा आणि पुस्तिकेत किंवा पेट्रोलच्या झाकणाजवळ ई१०, ई२० असं काही लिहिलंय का ते तपासा. जुनी गाडी महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नका, कारण इथेनॉल ओलावा ओढतं. सर्व्हिसिंगला दिली की इंधनाचे पाइप आणि सील बघायला सांगा. मायलेज मोजायचं असेल तर टाकी फुल करून पुन्हा फुल करेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. व्हायरल आकड्यापेक्षा ही नोंद जास्त भरवशाची, आणि तक्रार करायची वेळ आली तर हाताशी असलेली.