दोष ज्येष्ठांच्या माथी का?

‘यूपीआय न समजणे हा ज्येष्ठांचा आळस’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत मला अजिबात मान्य नाही. २०१६ साली सुरू झालेली ही सेवा आज भाजीवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे वापरतात, हे खरेच. पण पिनचेच बघा. पैसे घेताना पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. देताना पिन लागतो. इथवर ठीक. मग शिल्लक पाहतानाही तोच पिन का? तेव्हा तर खात्यातून छदामही जात नाही! उलट यूपीआय लाइटवर छोट्या रकमा पिनशिवायच जातात. म्हणजे ‘पिन टाकला की पैसे जातात’ हा घरोघरी शिकवला जाणारा नियम दोन्हीकडून अपुरा पडतो. ‘काका, पैसे पाठवलेत, जमा करायला पिन टाका’ म्हणणारा भामटा नेमका याच फटीतून शिरतो. फसलेल्या माणसाला वर आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पैसे जाणार असतील तेव्हा पिनच्या चौकटीवर ‘तुमच्या खात्यातून पैसे जात आहेत’ असे ठळक मराठीत यावे आणि शिल्लक पाहण्याच्या पडद्याचा रंग वेगळा असावा, एवढे बँकांनी करावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा