विश्लेषण : संत्र्याच्या साली, शेवग्याच्या बियांनी पाण्यातील विषारी धातू निघतात का?

संत्र्या-केळ्याच्या साली, शेवग्याच्या बिया, नारळाच्या करवंटीचा कोळसा, भाताचा तूस… या स्वस्त पदार्थांनी पाण्यातील शिसे, कॅडमियमसारखे जड धातू पकडता येतात, हे प्रयोगशाळांत अनेकदा दिसून आले आहे. पण म्हणून ‘घरच्या घरी पाणी शुद्ध करा’ हे मोबाइलवर फिरणारे सल्ले पाळावेत का?

जड धातूंचा धोका वेगळा का?

पाणी उकळले की जिवाणू मरतात; धातू मात्र तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. पाण्याचा रंग, वास, चव यांवरून ते सहसा कळतही नाहीत. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, कॅडमियम मूत्रपिंडांवर. आर्सेनिकमुळे त्वचेवर डाग पडतात आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे व आर्सेनिकची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅम, तर कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम इतकी कमी आहे.

अधिशोषण म्हणजे काय?

स्पंज पाणी आत ओढून घेतो, ते शोषण. एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसरा पदार्थ चिकटून बसतो, ते अधिशोषण. फळांच्या सालींतील पेक्टिनसारख्या घटकांवर ऋण विद्युतभाराच्या जागा असतात. पाण्यातील शिसे, कॅडमियमचे आयन धनभारित असल्याने तेथे अडकतात. कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे असल्याने चिकटण्यासाठी मोठा पृष्ठभाग मिळतो.

मग अडचण कुठे?

एकच पदार्थ सगळ्या विषांवर चालत नाही. पाण्यातील आर्सेनिक ऋणभारित किंवा भाररहित रूपात असते. त्यामुळे शिसे पकडणारी साल तेथे फारशी उपयोगी पडत नाही. तेथे लोखंडाच्या गंजासारखी संयुगे कामी येतात. शिवाय प्रयोगात अनेकदा शुद्ध पाण्यात एकच धातू मिसळलेला असतो. विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियमही त्याच जागांवर हक्क सांगतात. जागा भरल्या की अधिशोषण थांबते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शेवग्याच्या बियांतील प्रथिने गढूळपणा खाली बसवतात. पण नितळ दिसणारे पाणी धातूमुक्त असेलच असे नाही.

बांगलादेशाचा धडा काय?

तलाव-नद्यांच्या पाण्यातून होणारे अतिसारासारखे आजार टाळण्यासाठी तेथे १९७०च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. नव्वदच्या दशकात कळले की त्यांतील अनेकींच्या पाण्यात आर्सेनिक आहे. रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि प्रक्रिया केलेले लोखंड दोन बादल्यांत रचून ‘सोनो’ फिल्टर तयार केला. त्याला २००७ मध्ये १० लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. साहित्य साधे होते, पण त्यामागे नेमके रसायनशास्त्र आणि वर्षांची चाचणी होती.

पकडलेल्या विषाचे काय?

हा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो. अधिशोषणाने धातू नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. वापरलेली साल किंवा कोळसा शेतात, विहिरीकाठी टाकला तर तोच धातू पुन्हा जमिनीत आणि पाण्यात उतरू शकतो.

काय करायला हवे?

नैसर्गिक पदार्थांवरील संशोधन मोलाचे आहे. महागडी यंत्रे न परवडणाऱ्या गावांसाठी तर अधिकच. मात्र त्याची जबाबदारी एकट्या कुटुंबावर टाकता येणार नाही. आधी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी, मग त्या धातूसाठी सिद्ध झालेला फिल्टर, गाळून आलेल्या पाण्याची ठरावीक काळाने पुन्हा तपासणी आणि वापरलेला माल गोळा करण्याची सोय, या चारही गोष्टी स्थानिक प्रशासनाने पाहायला हव्यात. तोवर पाण्यात धातू असल्याची शंका आली, तर बादलीत साली टाकण्याआधी पाण्याचा नमुना तपासायला द्यावा आणि अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरा, खात्रीचा स्रोत वापरावा.