फॅक्टोरिओ: इतका किचकट गेम लोकांना का खेचतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या गेम्सवर बंदी आली. तेव्हापासून गेमच्या व्यसनावर भरपूर बोललं गेलं. पण ज्या गेममध्ये एक रुपयाही जिंकता येत नाही आणि जो शिकायलाच कित्येक तास लागतात, त्याच्यासमोर लोक रात्र रात्र का बसतात? मीही त्यातलाच, म्हणून हा प्रश्न.

गेमचं नाव फॅक्टोरिओ. प्रागच्या वुबे सॉफ्टवेअरने बनवलेला. पूर्ण आवृत्ती २०२० मध्ये आली, 'स्पेस एज' हा मोठा विस्तार ऑक्टोबर २०२४ मध्ये. तुमचं यान एका परक्या ग्रहावर कोसळलंय. सुरुवातीला हाताने लोखंड-तांबं खणायचं, मग भट्ट्या, यंत्रं, सरकते पट्टे उभारत कारखाना वाढवायचा आणि रॉकेट सोडायचं. कारखान्याचं प्रदूषण पसरलं की तिथले किडे हल्ला करतात, ते वेगळंच.

गंमत हिशोबात आहे

एक उदाहरण घ्या. एका हिरव्या सर्किटला लोखंडाचा १ पत्रा आणि तांब्याच्या ३ तारा लागतात. तांब्याच्या एका पत्र्यातून २ तारा निघतात. म्हणजे सेकंदाला १५ सर्किटं हवी असतील तर तांब्याचे २२.५ पत्रे लागणार. पण साधा पट्टा सेकंदाला १५च वस्तू वाहतो!

मला हे माहीत नव्हतं. सर्किटं कमी पडतायत म्हणून मी यंत्रं वाढवत गेलो. दहाची वीस केली, तरी आकडा हलेना. शेवटी झूम करून पाहिलं, तर मागची यंत्रं नुसती उभी होती आणि तांब्याचा पट्टा त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच रिकामा झालेला. आणखी एक पट्टा टाकला आणि सगळं धडाधड सुरू झालं. ऑफिसमध्येही आम्ही हेच करतो: अ‍ॅप स्लो झालं की आधी सर्व्हर वाढवतो, आणि चूक निघते डेटाबेसच्या एखाद्या क्वेरीत.

माझ्या मते ओढ इथेच आहे. अडचण तुम्हीच तयार केलेली असते, तिचं कारण समोर दिसतं आणि ती सोडवायला फक्त डोकं लागतं.

फोनवरचा अडथळा वेगळा

आता फोनवरचे अनेक फुकट गेम आठवा. इमारत बांधायला आठ तास लागतील, थांबायचं नसेल तर रत्नं विकत घ्या. इथे अडथळा कंपनीने मुद्दाम ठेवलाय, कारण त्यातून सुटका हाच तिचा माल आहे. नवा कायदा पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या गेम्ससाठी आहे. अशा टायमरचं काय करायचं, हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागणार.

फॅक्टोरिओ अगदी निर्दोष आहे असं नाही. चाहते त्याला गमतीने 'क्रॅक्टोरिओ' म्हणतात. "एवढा एक पट्टा जोडतो आणि झोपतो" म्हणत मी पहाटेचे तीन वाजवलेत, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये डुलक्याही काढल्यात. शिवाय वुबे या गेमवर कधीच सेल लावत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या खिशाला तो जड जातो. पण एकदा गेम घेतला की त्यात ना जाहिराती, ना रत्नांचं दुकान. स्पेस एज हवा असेल तरच वेगळे पैसे.

फॅक्टोरिओ मोबाइलवर नाही. कॉम्प्युटर असेल तर डेमो फुकट आहे. अँड्रॉइडवर 'माइंडस्ट्री' हा पट्ट्यांचा मुक्तस्रोत गेम फुकट मिळतो. आणि कुठलाही गेम खेळताना अडकलात की एवढं बघा: तो तुम्हाला अडकण्याचं कारण दाखवतोय, की पैसे भरायचं बटण?